पुंजाजी, गठाणीवर मी बसलो नाही

इंग्रजी सन अठराशे चौसष्ट होतं अन् मी साठीचा होतो, पुंजाजी, तवा तू उभं राहून लोकांच्या दाढ्या करायले लागला. तू माझ्याहून थोडा लहान. तुझा बाप सांगायचा, माझी जावळं त्यानं काढली तवा तू आईच्या पोटात होता. म्हणजे तूही साठीलेच आला होता. त्या वयात माणसानं आपली रीत सोडू नये, असं मी म्हणलो. तू ऐकलं नाही. त्याच्यावरून आपलं भांडण झालं, अन् ते मिटायच्या आत तू गेला.

काल तुझी तेरवी झाली. मी पंगतीत बसलो, गोड घास गिळला, अन् हात धुवायले उठलो तवा तुझी बायको, जानकी वयनी, तांब्या घेऊन आली. तिनं पाणी ओतलं अन् हळूच म्हणाली, "पाटील, तुमाले एक सांगायचं राह्यलं. त्यायचे गुडघे गेले होते. उकिडवं बसनंच होत नव्हतं. म्हनून उभे राहत."

मी म्हणलो, "कधीपासून?"

"बसायले ती कापसाची गठान आनली तवापासून. त्याच्याही आधीपासून."

हातावरचं पाणी ओघळून गेलं, मी तसाच उभा.

आज हे लिहून राहिलो. लिहिणं मी गावाचा हिशेब लिहिणाऱ्या पांड्याच्या ओट्यावर शिकलो, तेही अर्धंच. जोडाक्षर आलं की हात अडखळतो. तुले तर तेवढंही येत नव्हतं. तरी लिहितो, कारण तोंडानं बोललो असतो तर बोलता बोलता पुन्हा मीच खरा ठरलो असतो. माझी जीभ तशीच आहे, तुले ठाऊक आहे.

आपली रीत काय होती ते आठव. माझ्या घराचा ओटा. मी पाटावर, तू समोर जमिनीवर उकिडवा. तुझे गुडघे माझ्या गुडघ्याले टेकलेले. पितळी वाटीतलं पाणी तू बोटांनी माझ्या गालाले चोळायचा, केस पार नरम होईस्तोवर चोळतच राहायचा, अन् त्या चोळण्यात गावाची सगळी खबर सांगून व्हायची. कोणाची गाय आटली, कोणाची सून माहेरी जाऊन बसली. मग धोकटीतून वस्तरा निघायचा. अचलपूरच्या छावणीतून तुझ्या बापानं आणलेला, पातीवर कसलासा परदेशी शिक्का असलेला. तो तू चामोटीवर घासायचा, अंगठ्याच्या नखावर धार पाहायचा, अन् म्हणायचा, "आता बोलू नको, दाजी." साऱ्या गावात मले बोलू नको म्हणणारा तू एकटाच. चारचौघांत मी पाटील, दोघंच असलो की दाजी.

माझ्या जबड्याखाली चामखीळ आहे. उभ्या जन्मात तू तिले धक्का लावला नाही. वस्तरा तिथवर आला की वळसा घ्यायचा, ओढ्याचं पाणी दगडाले घेतं तसा. तिथं चामखीळ आहे हेच मी विसरून गेलो होतो.

अन् माझा बाप गेला तो दिवस. नदीवर मिशी काढायले मी तुझ्यासमोर बसलो. तरणा होतो, मिशीचा मोठा ताठा होता मले. तू हनुवटी धरली अन् हळूच म्हणला, "खाली नको पाहू, दाजी. केस पडतात तिकडं ध्यान जाते. मायाकडं पाह्य." मी तुझ्याकडं पाहिलं. तुझे डोळे भरले होते, पण वस्तऱ्याचा हात स्थिर होता. त्या दिवशी मी रडलो नाही असं लोक आजही सांगतात. मी रडलो नाही कारण तू पाहू दिलं नाही.

इतकी वर्षं तुझे गुडघे माझ्या गुडघ्याले टेकून होते, पुंजाजी, अन् त्यायचं दुखणं मले जानकीनं सांगावं लागलं.

मग कापसाले दिवस आले. समुद्रापलीकडं कोण्या मुलखात लढाई लागली म्हणत, अन् आपल्या काळ्या मातीतला कापूस विलायतेले पाह्यजे झाला. लोकांनी बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढवल्या. मीही चढवल्या, खोटं कशाले बोलू. अमरावतीच्या बाजारात बैलबंड्यांची अशी रांग लागायची की गाडीवानं दोन दोन दिवस तिथंच जेवायची अन् तिथंच झोपायची. त्यायच्या दाढ्या वाढायच्या. तू धोकटी काखेत मारून तिकडं गेला. ते मी मनाले लावून घेतलं नाही. पोट साऱ्यांलेच आहे.

पण ती गठाण.

ती माझीच होती. नदीच्या उतारात बंडी कलंडली, तागाच्या बोऱ्यात तुडवून भरलेला एवढा कापूस भिजला अन् आतून पिवळा पडला. बाजारात व्यापाऱ्याच्या माणसानं बोऱ्यात हात घालून मूठभर कापूस उपसला, नाकाले लावला, "ये किस काम का, पाटील?" म्हणला, अन् गठाण पायानं बाजूले सारली. साऱ्या बाजारानं पाहिलं. मी ती तिथंच सोडून निघालो. तू मागून धावत आला अन् बाजाराबाहेर, दोघंच असताना, मले गाठलं. (धावत कसला, लंगडत आला असशील. मी मागं वळून पाहिलं नाही.)

"दाजी, टाकून नको देऊ. मले दे."

"ने. चुलीत घाल."

पुढच्या खेपेले पाहतो तर निंबाखाली माझी गठाण मांडलेली, वरून बारदान अंथरलेलं, अन् तिच्यावर एक गाडीवान मान मागं टाकून राजासारखा बसलेला. त्याच्या डोक्याशी तू वस्तरा घेऊन उभा. न्हावी उभ्यानं दाढी करतो हे मी बापजन्मात पाहिलं नव्हतं.

"हे काय थेर काढलं, पुंजाजी?"

"थेर नाई पाटील, सोय हाय. बसा तुमी. लय मऊ हाय, तुमच्याच वावरातली."

हमाल हसले.

"कापूस म्हणजे लक्ष्मी. तिच्यावर बूड टेकवते का कोणी?"

"भिजली तवा लक्ष्मी नव्हती वाटते. तवा तर तुमी चुलीत घाल म्हणे."

हमाल आणखी हसले. त्यायच्यातला एक दुसऱ्याले म्हणला, "चाल बे, पाटलाच्या लक्ष्मीवर बसून येऊ." ते मले लागलं.

तुझ्यापाशी आता काय लपवू? लक्ष्मी हे निमित्त होतं. नाकारलेल्या आपल्याच मालावर भर बाजारात बसायचं, तू माझ्या डोक्याहून उंच उभा, माझी मान मागं कललेली, गळा आभाळाकडं. हे मले होणार नव्हतं. मले वाटलं तुले बाजाराचा वारा लागला, आता पाटलापुढं बसायची तुले लाज वाटते. मी ते मनातच ठेवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी ते साऱ्या गावाले सांगतलं.

मग धाकट्याचं लग्न निघालं. नवरदेवाची अन् नवरदेवाच्या बापाची दाढी घरच्याच न्हाव्याच्या हातची पाह्यजे. मी निरोप धाडला अन् तू आला. तुझा जावई महादू बंडी हाकत होता. तू हळद अन् सुपारी घेतली, धाकट्याले ओट्याच्या कडेले बसवलं, स्वतः अंगणात उभा राहिला. उंची बरोबर जमली होती. त्याची दाढी झकास झाली. मग तू मले म्हणला, "पाटील, तुमीबी अस्सेच कडेले बसा."

मांडवात सारे व्याही बसले होते. तिवशाकडचे, मोठे मानाचे. मी पाट ओढला, ओट्याच्या मधोमध ठेवला, अन् म्हणलो, "बसून कर. उभ्यानं घोड्याले खरारा करतात."

मांडव हसला. तू हसला नाही. तू माझ्याकडं पाहिलं, अन् मी ताठ्यानं पाहू दिलं. तू ओट्यावर चढला, एक हात खांबाले लावला, अन् सावकाश, लय सावकाश, खाली बसला. मले वाटलं मुद्दाम करून राहिला, लोकांले दाखवायले.

पुंजाजी, अशी दाढी तू आधी कधी केली नव्हती. तुझा हात इतका हलका होता की वस्तरा कुठं आहे ते कळत नव्हतं. गुडघे मात्र माझ्या गुडघ्याले लागून थरथरत होते. मले वाटलं, राग. मी मनात म्हणलो, थरथरू दे, कोणाची रीत आहे ते कळंल.

दाढी झाली. सारे जेवायले उठले. तू उठला नाही. तिथंच बसून चामोटीवर वस्तरा घासायले लागला. पहिली पंगत उठली, दुसरी बसली, तू घासतच होता. मी ओट्यावरून जाता जाता म्हणलो, "उठ ना बे आता, का मुहूर्त पाहून राहिला?"

"धार गेली, पाटील," तू म्हणला. मान वर केली नाही. "धार लावून राहिलो."

माझी बायको सगुणा तुझ्यासाठी ताट घेऊन आली अन् तुझ्यापुढं ठेवून गेली. जाताना तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की जशी काही चूक माझीच होती. मी तिलेच खेकसलो.

काल जानकीनं उरलेलं सांगतलं. मांडव रिकामा झाल्यावर महादूनं तुझ्या काखेत हात घालून तुले उचललं अन् बंडीत घातलं. घरी जाईस्तोवर पाय सरळ झाले नव्हते. मग कित्येक दिवस ती एरंडाचा पाला बांधत होती. मी तिले विचारलं, "मले सांगतलं काहून नाही त्यानं? मी काय राक्षस होतो?" तिनं तांब्या खाली ठेवला. मग पदर नीट करून म्हणाली, "मी म्हणे, पाटलाले सांगा, ते समजून घेतील. तर ते म्हणत, दाजीले सांगतलं तर त्याले दया येईल. मग तो ती दया साऱ्या गावाले सांगत सुटंल. त्यापेक्षा त्याचा रागच बरा."

यात खोटं काय आहे ते मी कालपासून शोधून राहिलो. सापडत नाही.

लग्नानंतर तू गावातलं काम सोडलं अन् बाजारातच राहिला. मी म्हणलो, गावात दुसरा न्हावी येईल. आला. त्याच्या हाताले माझा गाल ओळखीचा नव्हता. मधात लेकीकडं अकोल्याले गेलो, तिथल्या एकानं पहिल्याच हाताले चामखीळ कापली. रक्त गळ्यावरून अंगातल्या कोपरीत गेलं. तवा आठवलं की मले तिथं चामखीळ आहे. त्या दिवसापासून मी कोणाच्याही पुढं बसलो नाही. दाढी वाढवली. लोकांले सांगतलं, नवस आहे. सगुणा म्हणायची, "कायचा नवस जी? तुमच्या दाढीत कालच्या कण्या आजबी हायेत. कोंबड्या मागं लागतील एखाद्या दिवशी. जा ना पुंजाजीपाशी, लहान होत नाई तुमी." मी म्हणायचो, त्यानं यावं. त्याची रीत त्यानं मोडली.

तरी दर खेपेले बाजारात माझी बंडी त्या निंबापासूनच जायची. दुसरी वाट होती. गाडीवान एकदा म्हणलाही, मालक, इकडून फेरा पडते. मी म्हणलो, तू बैल हाक.

अन् यंदाच्या हिवाळ्यातली ती सकाळ. भाव पडले होते, बाजार अर्धा रिकामा, तुझ्यापाशी गिऱ्हाईक नव्हतं. तू गठाणीले टेकून उभा होता. मले पाहिलं अन् साऱ्या बाजारासमोर, पाटील नाही, तुमी नाही, जसा काही आपण ओट्यावर दोघंच आहो, तसा ओरडला, "दाजी! चिमण्या घरटं करतील त्या दाढीत. ये, बस."

"लक्ष्मीवर बूड टेकत नसतो मी."

तू गठाणीपासून सरळ झाला. मग म्हणला, "मंग नको बसू. उभा राह्य. मीबी उभा, तूबी उभा. दोघं उभ्यानं करू."

मले हसू आलं होतं, पुंजाजी. दाढीत होतं म्हणून तुले दिसलं नसंल. बंडीतून पाय उतरायले निघालाही होता. पण तू मले बाजारात 'तू' म्हणला होता, अन् हमाल पाहत होते, अन् मी विचार केला, पुढच्या खेपेले. आज उतरलो तर त्याच्या हाकेनं उतरलो असं होईल. पुढच्या खेपेले आपल्या मनानं उतरू. मी गाडीवानाले बैल हाकायले लावले. मागून तुझा आवाज आला, "येजो मंग!" त्यात राग नव्हता. मी परतून काही बोललो नाही.

पुढच्या खेपेच्या आत तुले ताप आला. महादू सांगत होता, दोन दिवसांत आटोपलं. निरोप घेऊन तो आला तवा मी खळ्यावर होतो. त्याच्या बोलण्याआधीच मी दाढीवर हात फिरवला. काहून फिरवला, मले ठाऊक नाही.

तुझी माझी बरोबरी नव्हती असं लोक म्हणतील. मीही जन्मभर तेच म्हणलो. पण माझ्या गळ्यावर वस्तरा ठेवायचा हक्क मी दुसऱ्या कोणाले दिला नव्हता, अन् तू त्या हक्काचा कधी एवढाही ताठा केला नाही. गळ्याशी वस्तरा असताना मी तुले किती वेळा आडवंतिडवं बोललो असेन. तू पातं उचलायचा, मी बोलून होईस्तोवर थांबायचा, मग पुन्हा टेकवायचा. एवढं तर मी माझ्या लेकरांसाठीही थांबलो नाही.

काल वयनीपुढून मी माफी न मागताच परत आलो. शब्द तोंडाशी आले होते, पण पंगतीत लोक होते. पाहिलं ना, अजूनही लोकच. घरी आल्यावर सगुणानं विचारलं, "काय म्हणे जानकी?" मी सांगतलं. ती चुलीपुढं बसली होती. लाकूड आत सारून म्हणाली, "मले त्याच दिवशी कळलं होतं. बसता येत नसलेला मानूस बायांले कळते. तुमाले सांगून तुमी आयकलं असतं?"

आज उजाडताच मी बंडी जुंपली. कापूस नव्हता, रिकामीच. गाडीवानालेही घेतलं नाही. बाजारात पोचलो तवा ऊन निंबाच्या बुडाशी आलं होतं. गठाण तिथंच होती. बारदान नवं होतं. तेरवी आटोपून महादू आजच कामाले लागला होता, तुझीच धोकटी, तुझाच वस्तरा. दोन गाडीवानं अन् एक हमाल थांबले होते. मले पाहून महादू गडबडला.

"पाटील, तुमी? या, या, बसा. सरक रे तू."

"त्याले सरकवू नको. माझी पाळी आल्यावर सांग."

मी रांगेत थांबलो. हमाल माझ्याकडं पाहून आपसात बोलत होते. मी बोलू दिलं.

पाळी आली. महादूनं गठाण झटकली, बारदान नीट केलं. "बसा, पाटील."

"बसत नाही. तिच्यावर कोणी बसू नको सध्या. उभ्यानं कर."

"उभ्यानं? असं कसं होईल जी? गळ्याचं काम हाय."

"तुझा सासरा करणार होता. आमचं ठरलं होतं."

त्याले काय समजलं कोण जाणे. त्यानं पाणी घेतलं. एवढी वाढलेली दाढी, आधी कात्री लावावी लागली, मग चोळणं. तो चोळत होता अन् खबर काही सांगत नव्हता. मी म्हणलो, "बोल काहीतरी. तो बोलायचा." मग तो बोलला, त्याच्या बैलाच्या खांद्याचं काहीबाही. वस्तरा लागला. लोक गोळा झाले, कोणी हसलं, कोणी म्हणलं, पाटलाचा नवस फिटला वाटते. मी गठाणीकडं पाहत होतो. तुले बसायले ती मोकळी ठेवली होती, पुंजाजी. तू बस. जन्मभराचं बस.

अर्धी दाढी झाली तवा माझे गुडघे थरथरायले लागले. मीही आता साठीच्या पार गेलेला. महादूले दिसलं. हात थांबवून म्हणला, "पाटील, टेकता का जराक? गठान हाय ना."

"चामखीळ सांभाळ," मी म्हणलो, "जबड्याखाली आहे." अन् मान वर करून उभा राहिलो.